काच पुसण्याआधी

सोलापुरातून अक्कलकोट रस्त्याने निघाले की शहर संपता संपता एमआयडीसी लागते. शेडमधून यंत्रमागांची खडखड ऐकू येते, दाराशी टेम्पो उभा असतो आणि त्यात टॉवेलचे गठ्ठे चढत असतात. अशा एखाद्या कारखान्याच्या ऑफिसात गेलात तर टेबलाच्या बाजूला बऱ्याचदा एक फिशटँक दिसतो. कुणी हौस म्हणून ठेवलेला, कुणी बरकत येते म्हणून, तर कुणी हिशेबाने थकलेल्या डोळ्यांना विसावा म्हणून. चार-सहा गोल्डफिश, प्लास्टिकची झाडे, बुडबुडे सोडणारा पंप आणि वर ट्यूबलाइट.

या टाकीकडे समोरून पाहिले तर मासे दिसतात. पण जरा बाजूला सरकून, खिडकीच्या तिरप्या उजेडात पाहा. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक बारीक रेषा दिसतील. काही उभ्या, काही आडव्या, काही अर्धगोल, म्हणजे पुसणाऱ्याचा हात जसा फिरला तशा. आता गंमत पाहा. हे गाव टॉवेलचे. इथल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेले. पुसायच्या कापडाची जिथे काही कमतरता नाही, तिथल्या काचेवर ओरखडे का पडावेत?

हाच प्रश्न मी एका वयस्कर विणकराला विचारला होता. म्हटले, ‘‘मामा, टॉवेलने काचेला चरा पडतो का?’’

ते म्हणाले, ‘‘टॉवेल कशाला खरडेल, सर? टॉवेलात जे अडकलंय ते खरडतंय.’’

आजच्या बोलण्याचे सारे सार या एका उत्तरात आहे. बाकीचे आपण सावकाश उलगडून पाहू.

आम्ही कविता लिहिणारी माणसे काचेला फार नाजूक मानतो. पण नाजूक असणे वेगळे आणि मऊ असणे वेगळे. काच नाजूक आहे, म्हणजे ती पटकन फुटते. मऊ मात्र ती मुळीच नाही. फ्रेडरिक मोस नावाच्या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ साली कठीणपणाची एक पट्टी तयार केली. कोण कुणावर ओरखडा काढू शकतो, एवढाच तिचा निकष. सगळ्यांत मऊ शंखजिरे, त्याला १. सगळ्यांत कठीण हिरा, त्याला १०. या पट्टीवर आपल्या बोटाचे नख साधारण अडीच, चुन्याचा स्फटिक ३ आणि खिडकीची किंवा फिशटँकची काच साधारण साडेपाच. म्हणजे नखाने काचेला काही होत नाही, सुताने होत नाही, चुन्यानेही होत नाही. पण गारगोटी ७ वर बसते. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात आणि नदीपात्रात गारगोटीचे खडे विखुरलेले असतात आणि बाजारात फिशटँकसाठी मिळणारी वाळूही बहुतेक याच जातीची असते. वाळूचा एक कण काचेपेक्षा कठीण. तो टॉवेल आणि काच यांच्यामध्ये सापडला की टॉवेल नुसता हात होतो आणि कण होतो पटाशी.

म्हणून काच जपायची तर ‘किती जोरात घासू?’ हा पहिला प्रश्न नव्हेच. पहिला प्रश्न असा की काचेवर आहे काय, आणि माझ्या हातातल्या वस्तूत आहे काय? या दोहोंत काचेपेक्षा कठीण काही नसेल तर ओरखडा पडणार नाही. असेल तर कितीही हळुवार पुसा, तो पडायचा तो पडेलच.

आधी हातातली वस्तू पाहू. भांडी घासायची हिरवी घासणी घराघरात असते. तिच्यात बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण चिकटवलेले असतात. हाच पदार्थ स्फटिकरूपात असला की त्याला कुरुंद म्हणतात आणि मोसच्या पट्टीवर त्याचा क्रमांक ९ आहे. म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल! तिने काच घासणे म्हणजे काचेवर सॅंडपेपर फिरवणेच होय. तारेची घासणी वापरू नये. तिचे तुकडे पाण्यात पडतात आणि गंजतात. राख वापरू नये. आपल्या आजीने राखेने पितळ लखलखीत केले असेल, पण राखेत, विशेषतः भाताच्या तुसाच्या राखेत, वाळूच्याच कुळातले सिलिका भरपूर असते. दंतमंजन आणि टूथपेस्ट यांतही घासणारी पूड असते, तीही नको. साबण आणि धुण्याची पावडर तर टाकीच्या जवळपासही नको. त्यांनी काचेला काही होणार नाही, पण माशांच्या कल्ल्यांना इजा होते आणि मासे दगावतात.

मग टॉवेल? टॉवेल उत्तम, पण कसा ते पाहू. टेरी टॉवेलच्या मागावर ताण्याची दोन रुळे असतात. एका रुळावरचा ताणा घट्ट ओढलेला असतो. त्याचे मूळ कापड होते. दुसऱ्या रुळावरचा ताणा सैल सोडलेला असतो. बाण्याचे काही धागे पुढे ठोकले की हा सैल ताणा वर उचलला जातो आणि त्याचे बारीक लूप उभे राहतात. हे लूप पाणी शोषून घेतात, म्हणून अंग चटकन कोरडे होते. पण जो गुण पाण्याच्या बाबतीत तोच धुळीच्या बाबतीत. कापसाचा धागा स्वतः मऊ, पण त्याचे लूप म्हणजे कण धरून ठेवणारी हजारो लहान बोटे. जो टॉवेल काल जमिनीवर पडला, परवा स्कूटर पुसायला वापरला, तो धुऊनही काचेला लावण्याच्या लायकीचा राहत नाही.

तेव्हा फिशटँकसाठी एक टॉवेल कायमचा वेगळा ठेवावा. नवा असेल तर दोन-तीन वेळा नुसत्या पाण्यात धुऊन घ्यावा, कारण नव्या मालात मऊपणा आणणारी रसायने उरलेली असतात. त्याच्या कडेची शिलाई आणि लेबल कापून टाकावे. तिथला धागा टणक असतो आणि घडीत कण अडकतात. दुय्यम प्रतीचा, किलोवर मिळणारा तुकडाही चालतो. काचेला टॉवेल नक्षीचा लागत नाही, स्वच्छ लागतो. वापरताना तो ओला करून चार घड्या घालाव्यात आणि प्रत्येक हाताला नवी बाजू काचेला लावावी. एकाच बाजूने सगळी काच पुसली की पहिल्या कोपऱ्यातली खर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत फिरत जाते.

काचेची बाहेरची बाजू कधीही कोरडी पुसू नये. एमआयडीसीतली धूळ म्हणजे सुताचे तंतू, रस्त्याची माती आणि ट्रकच्या चाकांखाली भरडलेल्या खडीचा भुगा यांचे मिश्रण असते. त्यातले तंतू निरुपद्रवी, खडी नाही. आधी मऊ ब्रशने धूळ झटकावी, मग ओल्या टॉवेलने न दाबता वरून खाली एकदा पुसावे, टॉवेलची बाजू बदलावी आणि मग हवे तर जरा दाबून पुसावे. काच चमकवायचे फवारे बाजारात मिळतात; त्यांतल्या काहींत अमोनिया असतो. बाहेरच्या बाजूलाही ते टाकीवर फवारू नयेत. हवेचा पंप आसपासची हवा ओढून पाण्यात सोडतो, त्याबरोबर फवाराही आत जातो.

आता आतली बाजू. तिथला मळ एका जातीचा नसतो आणि प्रत्येकाचे औषध वेगळे आहे.

पहिला मळ म्हणजे पाण्याच्या पातळीवर दिसणारी पांढरी रेघ. सोलापूरकराला ती वेगळी सांगायला नको. कुकरच्या तळाला, गिझरच्या नळीला, बादलीच्या काठाला तीच असते. आपली जमीन काळ्या कातळाची. बोअरचे पाणी या कातळाच्या भेगांमधून झिरपताना चुना आणि मॅग्नेशियम घेऊन येते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, टाकीतले पाणी रोज थोडे थोडे उडून जाते, पण क्षार उडत नाहीत. ते काचेवर थर करून बसतात. वरून आपण पुन्हा बोअरचेच पाणी ओततो, म्हणजे पुन्हा नवे क्षार. हा थर मुख्यतः चुन्याचा, म्हणजे मोसच्या पट्टीवर ३ चा. तो काचेपेक्षा मऊ आहे, पण चिकट आहे. तो निघत नाही म्हणून माणूस चाकू घेतो, घासणी घेतो, आणि काच बिघडते ती इथे.

खरे तर या थराला घासायची गरजच नाही. चुना आम्लात विरघळतो. लिंबू किंवा पांढरे व्हिनेगर पुरे. टाकीतले पाणी रेघेच्या खाली तीन-चार बोटे उतरवावे. फडक्याची घडी व्हिनेगरात भिजवून, पिळून, रेघेवर चिकटवून ठेवावी आणि दहा-पंधरा मिनिटे आपण चहा घ्यावा. बारीक बुडबुडे येताना दिसतील. चुन्याचा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आहे असे समजावे. मग साध्या ओल्या टॉवेलने पुसून घ्यावे. जुना थर असेल तर हेच दोन-तीनदा करावे. मात्र आम्ल टाकीतल्या पाण्यात पडू देऊ नये. पाण्याचा गुणधर्म एकदम बदलला की मासे बावरतात.

दुसरा मळ हिरवा. मऊ, बुळबुळीत, बोटाने पुसला तरी निघणारा. हे साधे शेवाळ. त्याला ओला टॉवेल किंवा स्वच्छ स्पंज पुरतो. त्याचाच एक चिवट भाऊ आहे. तो काचेवर गोल गोल हिरव्या टिकल्या करून बसतो आणि पुसून हलत नाही. त्याच्यासाठी मुदत संपलेले बँकेचे कार्ड किंवा जुने ओळखपत्र घ्यावे. प्लास्टिक काचेपेक्षा मऊ, पण त्याची कड सरळ आणि ताठ. ती तिरपी धरून खरवडले की टिकली सुटते आणि काच शाबूत राहते.

तिसरा मळ तपकिरी. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत तो हमखास येतो आणि लोक त्याला माती समजतात. तो असतो डायटम नावाच्या सूक्ष्म जीवांचा. या जीवांची एक विलक्षण गोष्ट आहे. त्यांचे घर सिलिकाचे, म्हणजे जवळजवळ काचेचेच असते. दिसायला धूळ, पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर नक्षीदार काचेच्या डब्या! हे जीव मरून समुद्राच्या आणि तलावांच्या तळाशी साचले आणि त्यांची जी माती झाली, ती धातूला चकाकी आणायला वापरतात. आल्फ्रेड नोबेलने १८६७ साली डायनामाइटचे पेटंट घेतले, त्यात नायट्रोग्लिसरीन शोषून घ्यायला हीच माती होती. सांगायचा मुद्दा असा की या तपकिरी थराला दाबून घासू नये. तो इतका सैल बसलेला असतो की ओल्या फडक्याच्या एका हलक्या हाताने निघतो. जोर लावायचे कारणच नाही.

आता काम कोणत्या क्रमाने करायचे ते सांगतो. आधी हीटर, पंप आणि फिल्टर यांची बटणे बंद करावीत. पाण्यात हात घालायचा आहे, वीज हा थट्टेचा विषय नाही. शिवाय पाणी उतरल्यावर हीटर उघडा पडून तापला तर त्याची नळी तडकते. मग साधारण पाव हिस्सा पाणी काढावे. सगळे पाणी आणि सगळे मासे बाहेर काढून टाकी विसळण्याची जी पद्धत आहे ती सोडून द्यावी. टाकीतल्या वाळूत आणि फिल्टरमध्ये घाण पचवणारे उपयुक्त जिवाणू असतात, त्यांचा त्यात नाश होतो. काच वरून खाली पुसावी आणि वाळूच्या थरापासून तीन-चार बोटे वर थांबावे. तळाजवळची पट्टी शेवटी, कार्डाने, अगदी सावकाश करावी. बहुतेक ओरखडे याच तीन-चार बोटांच्या पट्टीत जन्म घेतात. फडके वाळूला टेकते, एक कण उचलते आणि हात पुन्हा वर जातो. फडके वाळूला टेकले अशी शंका आली तरी ते बाहेर काढून खळखळून धुवावे.

चुंबकाचा क्लीनर हल्ली सगळीकडे मिळतो. एक तुकडा आत, एक बाहेर. बाहेरचा फिरवला की आतला फिरतो. हात ओला होत नाही, म्हणून तो लोकांना आवडतो. पण त्यात एक धोका आहे. आत काय अडकले ते हाताला कळत नाही. चुंबक सुटून वाळूवर पडला आणि तसाच पुन्हा ओढला तर कणासकट काचेवर फिरतो, आणि चुंबकाचा दाब काही थोडा नसतो. तो वापरून झाल्यावर टाकीत लटकत ठेवू नये. बाहेर काढून, धुऊन ठेवावा आणि लावण्यापूर्वी त्याच्या खरबरीत बाजूवरून बोट फिरवावे. बोटाला खर लागली तर ती काचेलाही लागणार.

ब्लेडचा उपयोग अनुभवी माणसे करतात. नवे, न गंजलेले ब्लेड, पट्टीत घट्ट बसवलेले, काचेशी बरेच तिरपे धरून, फक्त पुढे ढकलायचे, मागे ओढायचे नाही. कोपऱ्यात मात्र ब्लेड मुळीच नेऊ नये. काचा जोडणारे सिलिकॉन तिथे असते. ते कापले गेले की टाकी गळते. रिकामी, मासे नसलेली जुनी टाकी घासायची असेल तर घरातले बारीक मीठ फार चांगले. मिठाचा कठीणपणा अडीच, म्हणजे काचेपेक्षा पुष्कळ कमी. ते मळ खरवडते, काच खरवडत नाही आणि शेवटी पाण्यात विरघळून जाते.

हे सारे झाले काचेचे. पण तुमची टाकी काचेचीच आहे ना, हे एकदा पाहून घ्या. काही टाक्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात. काचेची कड बाजूने पाहिली तर हिरवट दिसते, कारण साध्या काचेत लोहाचा अंश असतो. काच हाताला गार लागते आणि टिचकी मारली की टणकन वाजते. अ‍ॅक्रिलिक तितके गार लागत नाही आणि त्याचा आवाज बसका येतो. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. नूतनीकरणानंतर २०१५ साली ते पुन्हा उघडले तेव्हा तिथला बोगदा अ‍ॅक्रिलिकचा होता. २०२० च्या टाळेबंदीत ते बंद होण्यापूर्वी तुमच्यापैकी काहींनी तो पाहिलाही असेल. मोठ्या मत्स्यालयात अ‍ॅक्रिलिक वापरतात, कारण ते वजनाला काचेच्या निम्म्याहून कमी, वाकवता येते आणि धक्क्याने सहसा फुटत नाही. पण ते काचेपेक्षा खूपच मऊ. त्यावर ब्लेड वर्ज्य, आणि फडकेसुद्धा अगदी निवडून वापरावे. उलट त्याची एक सोय अशी की त्यावरचे बारीक ओरखडे तज्ज्ञ माणूस घोटून काढू शकतो. काचेवरचा ओरखडा सहजासहजी जात नाही. सिरियम ऑक्साइडच्या पुडीने काच घोटतात, पण ते काम रिकाम्या टाकीवर, तासन्‌तास, आणि तरीही तिथून पाहताना मासा वेडावाकडा दिसण्याची भीती असते.

कुणी म्हणेल, एवढा काय तो एका ओरखड्याचा बाऊ? बारीक ओरखड्याने टाकी फुटत नाही, हे खरे. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक म्हणजे ओरखड्याच्या खाचेत शेवाळ घर करते, तिथे फडके पोचत नाही, म्हणून माणूस अधिक जोराने घासतो आणि त्या जोराने नवे ओरखडे पडतात. दुसरी गोष्ट गंभीर आहे. काचवाला काच कशी कापतो ते आठवा. तो काच आरपार कापत नाही. हिऱ्याच्या कणीने किंवा चाकाने फक्त एक रेघ ओढतो आणि टिचकी मारतो. काच त्या रेघेवर दुभंगते. सूक्ष्म चिरांच्या टोकाशी ताण एकवटतो आणि काच तिथून फुटते, हे इंग्रज अभियंता ग्रिफिथ याने १९२०-२१ च्या सुमारास गणिताने दाखवून दिले. आता ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशी काठोकाठ भरलेली टाकी घ्या. तिच्यात १८० लिटरहून जास्त पाणी, आणि समोरच्या एका काचेवर पाण्याचा रेटा सुमारे ९० किलो वजनाएवढा. एक धिप्पाड माणूस चोवीस तास त्या काचेला टेकून उभा आहे असे समजा. नख अडकावे इतका खोल चरा अशा काचेवर दिसला तर टाकी रिकामी करून काच बदलून घ्यावी.

आणि मळच कमी व्हावा म्हणून काय करावे? शेवाळाला दोन गोष्टी लागतात, उजेड आणि खाणे. टाकी पश्चिमेच्या खिडकीत असेल तर हलवावी. पाहुण्यांना दिसावी म्हणून रात्रंदिवस दिवा लावू नये. दिवसाला सात-आठ तास उजेड पुरे. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच खाणे घालावे. ऑफिसात येणारा जाणारा प्रत्येक जण हौसेने चिमूटभर टाकतो. ते खाणे माशाच्या पोटात जात नाही, शेवाळाच्या जाते. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन उडून जावे म्हणून दिवसभर उघड्या बादलीत ठेवून मग घालावे. दर आठवड्याला पाच मिनिटे पुसलेली काच महिन्याने तासभर घासावी लागत नाही.

आता शेवटची आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. काच साफ करायचा कंटाळा आलेल्या माणसाला दुकानदार एक मासा देतो. काळपट, अंगावर खवल्यांऐवजी चिलखतासारख्या पट्ट्या, खालच्या बाजूला वाटीसारखे तोंड. काचेला चिकटतो आणि शेवाळ खातो. त्याला सकर म्हणतात. ‘‘टाका एक, काच पुसायलाच नको!’’ असे सांगून तो विकतात.

जिवंत सफाई कामगार ठेवण्याची कल्पना जुनी आहे. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने १८५० साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी ठेवून त्याने दाखवले की तिघे मिळून पाणी चांगले ठेवतात. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगाय कुजकी पाने आणि शेवाळ खाते. गोगलगायीची जीभ कानशीसारखी असते, तरी काचेला तिने चरा पडत नाही. घरात मत्स्यालय ठेवण्याची आजची पद्धत अशाच प्रयोगांतून पुढे आली.

पण सकर म्हणजे गोगलगाय नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा मासा. दुकानात तो बोटभर असतो, वाढून हातभर होतो. मोठा झाला की शेवाळावर त्याचे भागत नाही. टाकी त्याला अपुरी पडते, घाणही तोच जास्त करतो. मग मालकाला दया येते. मारवत नाही, ठेववत नाही. तो त्याला पिशवीत घालून तलावात, ओढ्यात किंवा नदीत सोडून येतो आणि पुण्य केले असे मानतो.

आपल्या भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयावर शेकडो मच्छीमार कुटुंबे पोट भरतात आणि सोलापूर शहर मुख्यतः त्याचेच पाणी पिते. या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात आता सकर सापडतो. त्याच्या परांचे काटे जाळ्यात अडकतात, सोडवताना जाळे फाटते. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. कमी प्राणवायूच्या, घाण पाण्यातही तो तग धरतो, कारण तो वर येऊन हवा गिळू शकतो. काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो, त्याने काठ ढासळतात. चिलखतामुळे त्याला खाणारे इथे फारसे कुणी नाही. आणि इथल्या माशांच्या वाट्याचे शेवाळ तो खातो. पाच मिनिटे पुसण्याचे श्रम वाचवायला ठेवलेला मासा असा एका मच्छीमाराचे जाळे फाडतो. काचेवरचा चरा निदान आपल्या पैशाने बदलता येतो. जलाशयात पसरलेला मासा परत गोळा करता येत नाही.

म्हणून माझी विनंती अशी की सकर विकत घेऊ नका. घरात आधीच असेल आणि टाकी त्याला पुरत नसेल तर ज्याच्याकडून घेतला त्या दुकानदाराला परत करा, किंवा मोठी टाकी असलेल्या माणसाला द्या. पण सिद्धेश्वर तलावात नको, कंबर तलावात नको, नदीत तर नकोच नको. नुसता सकरच नव्हे, टाकीतला कोणताही मासा, कोणतीही वनस्पती आणि गोगलगायसुद्धा बाहेरच्या पाण्यात सोडू नये. काढलेले टाकीतले पाणी कुंडीतल्या झाडांना घालावे. झाडांना ते खतासारखे चालते.

काच पुसायला शेवटी लागते काय? एक स्वच्छ टॉवेल, एक जुने कार्ड, अर्धे लिंबू आणि आठवड्यातली पाच मिनिटे. टॉवेल तर आपल्या गावातच विणला जातो. तो काचेला लावण्याआधी एकदा उलटून पाहा, त्यात काही अडकले आहे का. एवढे केले तरी पुष्कळ.